तिकिटावरचे सहा तास

आमच्या गटातल्या एक काकू गेल्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेल्या. तिकीट आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी चष्मे लावून वाचलं. मुंबईहून निघणार रात्री १ वाजता, नेवार्कला पोचणार सकाळी ७ वाजता, तारीख तीच. म्हणजे सहा तास! साताऱ्याहून मुंबई गाठायलाच जवळजवळ तेवढे लागतात. काकूंनी रक्तदाबाच्या गोळ्या डिंकाच्या लाडवांबरोबर मोठ्या बॅगेत टाकल्या आणि ती बॅग गेली विमानाच्या पोटात. सकाळची गोळी चुकली. उतरल्या तेव्हा डोकं गरगरत होतं, पाय सुजून चपलेत जाईनात. पुढे निभावलं, पण चूक आम्हा सगळ्यांची होती.

तिकिटावर दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळाच्या असतात, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. तिथे सकाळचे ७, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार. म्हणजे काकू साडेपंधरा तास विमानात होत्या!

मुंबई ते नेवार्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा. दोरा सरळ पश्चिमेला जात नाही, वर रशिया-नॉर्वेच्या अंगाने जातो. गोलावर जवळची वाट तीच. प्रत्यक्षात विमान वारा आणि मोकळं आकाश बघून थोडं इकडे-तिकडे वळतं. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून परतीला तास-दीड तास कमी लागतो.

लंडनला विमान बदललं तर अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढतं. वेळ खातो तो मधला मुक्काम. तिकीट स्वस्त म्हणून आठ तासांचा थांबा घेऊ नका. एकट्या बाईला, तेही साठीनंतर, ते पैसे वाचवणं महागात पडतं असं आमचं स्पष्ट मत आहे. घरून निघाल्यापासून मोजलं, विमानतळावर तीन तास आधी पोचणं धरलं, तर सरळ विमानानेही सव्वा दिवस सहज जातो.

तेव्हा गोळ्या, इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा. घड्याळाचा फरक डॉक्टरांना सांगून गोळ्यांच्या वेळा आधी लिहून घ्या. उपाशीपोटी मधुमेहाची गोळी कशी घ्यायची तेही विचारा, कारण जेवण तुमच्या वेळेला येईलच असं नाही. फार वेळ बसून पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. कडेची जागा मागा, तासा-दोन तासांनी उठून फिरा, बसल्या बसल्या घोटे हलवा. बाथरूमला उठावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका. ही आपली बायकांची जुनी खोड! चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

काकू परत येताना गोळ्या पर्समध्ये होत्या. सोमवारी रात्री ९ ला निघाल्या, मंगळवारी रात्री साडेदहाला मुंबईत उतरल्या… नाही, साडेआठला. बघा, आमचा हिशेब अजून चुकतोच! पुढचे आठ दिवस त्या पहाटे तीनला टक्क जाग्या असायच्या आणि नातीचे फोटो आम्हाला तेव्हाच पाठवायच्या.