एसटीचं तिकीट काढण्याआधी



आपल्या सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांचा एक पाय नवी मुंबईत असतो. कुणाचे मालक वाशीच्या बाजारात माथाडी, कुणाचा दीर तुर्भ्याला, कुणाचा मुलगा तळोज्याच्या कंपनीत. पाच-दहा वर्षं भाडं भरलं की घरात विषय निघतो, तिकडे आता आपलं स्वतःचं घर घेऊ. मग मुलगा मोबाइलवर एखाद्या एजंटची वेबसाइट उघडून आईला दाखवतो. पोहायचा तलाव, हिरवळ, वर मोठ्या अक्षरात 'विमानतळापासून १५ मिनिटं'. खाली चौकट, तिच्यात नाव आणि फोन नंबर भरा. नंबर दिला की दुसऱ्या दिवसापासून फोनवर फोन.

आज बोलायचंय ते या वेबसाइटबद्दल. तुमच्यातल्या काहींच्या घरी घर घ्यायचं चाललं असेल. काहींची लेक नाहीतर सून तिकडे एजंटचं काम करत असेल आणि तिला स्वतःची वेबसाइट काढायची असेल. दोघींना माझं सांगणं एकच आहे. गावात बसलेल्या बाईला एसटीचं तिकीट काढण्याआधी जे कळायला हवं, ते जी वेबसाइट सांगते ती कामाची. बाकीची नुसती जाहिरात.

सगळ्यात आधी काय कळायला हवं? इमारत कायदेशीर आहे की नाही.

ऐरोलीच्या पुढे, ठाण्याच्या बाजूला दिघा आहे. तिथे एमआयडीसी, सिडको आणि सरकारच्या जमिनीवर परवानगी नसलेल्या ९९ इमारती उभ्या राहिल्या होत्या. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कारवाईचे आदेश दिले आणि हातोडा पडायला लागला. आत राहणारे लोक काही चोर नव्हते. तुमच्या-आमच्यासारखीच, पोटाला चिमटा काढून घर घेतलेली माणसं. घर इतकं स्वस्त का, हे विकणाऱ्याने आणि मधल्या माणसाने त्यांना सांगायला हवं होतं.

हे असं का होतं, ते जरा समजून घ्या. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसवायचं ठरलं. आज तिथलं घर साधारण तीन प्रकारच्या जमिनीवर असतं. एक, सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेला भूखंड. दुसरा, साडेबारा टक्क्यांचा. दि. बा. पाटलांच्या पुढारपणाखाली १९८४ मध्ये जासईला शेतकऱ्यांनी लढा दिला, त्यात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ गावकऱ्यांना परत द्यायची योजना आली. अशा भूखंडावर वारस किती, सगळ्यांच्या सह्या झाल्यात का, हे बघावं लागतं. तिसरा प्रकार म्हणजे गावठाणात किंवा त्याला लागून परवानगीशिवाय चढवलेली इमारत. ही सगळ्यात स्वस्त. पण भोगवटा प्रमाणपत्र नाही, बँक कर्ज देताना मागे सरते, आणि उद्या नोटीस आली तर जायचं कुठे?

मोबाइलवर तिन्हींचे फोटो सारखेच दिसतात. म्हणून लेकीला सांगा, प्रत्येक घराच्या फोटोखाली पहिली ओळ हीच लिही. जमीन कोणत्या प्रकारची, परवानगी कुणाची, भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही.

दुसरी ओळ महारेराच्या नंबराची. २०१६ च्या कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा नवा प्रकल्प नोंदवावाच लागतो. प्रकल्पाचा नंबर इंग्रजी 'पी' अक्षराने सुरू होतो, एजंटचा 'ए' ने. हो, एजंटलाही नोंदणी लागते, आणि आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. तो नंबर महारेराच्या साइटवर टाकला की मंजूर नकाशा, कोर्टकचेऱ्या, ताबा द्यायची तारीख, सगळं समोर येतं. तारीख पुढे ढकलली असेल तर तेही कळतं. एजंटने हे स्वतःच लिहावं: आधी ताबा कधी मिळणार होता, आता कधी मिळणार आहे.

मग पैसे. 'अमुक लाखांपासून पुढे' या शब्दांना अर्थ नाही. घर किती मोठं ते कार्पेटमध्ये सांगा, म्हणजे भिंतींच्या आतली, वापरायची जागा. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी, बांधकाम चालू असेल तर जीएसटी, जुनं घर असेल तर सिडकोचं हस्तांतरण शुल्क, गाडीची जागा, आणि एजंटची स्वतःची दलाली. एकूण आकडा एका जागी हवा. राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ५० लाखांच्या घरावर ५० हजार वाचतात. हे ठळक लिहिणारी वेबसाइट मला तरी क्वचितच दिसते.

पाण्याचंही लिहावं. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, पण खारघर, तळोजा, उलवे बाजूला पाण्याची ओरड असते. उलव्याचं घर दाखवताना विमानतळाचं कौतुक कमी करा आणि खारकोपर स्टेशनला चालत किती वेळ लागतो, लोकल किती वेळाने येते, ते सांगा. आपण विमानाने कामाला जात नाही.

लेक म्हणेल, "आई, एवढं सगळं लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल." काही पळतीलही. पण जे येतील ते वाचून येतील, आणि चार घरं उगाच दाखवत फिरायचा तिचा दिवस वाचेल. शिवाय नोंदणी लागत असूनही न केलेल्या प्रकल्पातलं घर विकायला मदत केली, तर एजंटलाच रोज १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. आणि माहिती मराठीत हवी, खाली तारीख हवी. विकलं गेलेलं घर त्याच दिवशी काढून टाकायचं. ते घर बघायला म्हणून कुणी कोरेगावहून निघते आणि तिथे दुसरंच महाग घर दाखवतात, हा प्रकार फार वाईट.

अजून एक. बिल्डरबरोबर करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम तो घेऊ शकत नाही. 'आजच टोकन भरा, उद्या भाव वाढणार' असा फोन आला, तर आधी 'पी' चा नंबर मागा आणि मुलाला तो महारेराच्या साइटवर टाकायला सांगा. तोवर पैशाचं बोलायचं नाही.