अपंग मुले व आपल्या दुकानांतील उमेदवारी
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



या गुणगौरव समारंभात मी दोन शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर, मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षण नाही, आणि आपला वडिलोपार्जित शिंप्याचा धंदाही मी केला नाही. तथापि बाळपण वडिलांच्या दुकानात गेले, त्या बळावर बोलतो.

उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलांचा आपण आता सत्कार केला. आपल्याच घरांतील काही मुले मात्र या मंडपात दिसत नाहीत. कोणाचा पाय अधू, कोणाला ऐकू येत नाही, कोणाची समज मंद. सरकारी कागदांत त्यांना हल्ली दिव्यांग म्हणतात. शब्द बदलला हे ठीकच, दुकानाची पायरी मात्र आहे तेवढीच उंच आहे.

१९८५ च्या सुमारास माझ्या वर्गात पोलिओने एक पाय लुळा झालेला आपल्यातलाच एक मुलगा होता. पट्टीवाचून सरळ रेघ ओढावी असा त्याचा हात! त्याला शिवणकाम शिकावयाचे होते. वडील सल्ल्यासाठी आले तेव्हा मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "मशीनला दोन पाय लागतात. याला कुठे तरी काजे-बटणांना बसवा." मास्तरांचा शब्द त्या काळी कोणी मोडीत नसे. वास्तविक एका चांगल्या पायानेही पायडल चालते, आणि हाताने चालवावयाचे मशीन तर माझ्या वडिलांच्याच दुकानात होते. मला ते आठवलेही नाही. गेल्या वर्षी तो भेटला. केस पिकलेले. म्हणाला, "गुरुजी, अजून काजेच करतो. कात्री कोणी हातात दिलीच नाही."

सज्जनहो, त्याला काम मिळाले नाही असे नाही, मिळाली नाही ती उमेदवारी. धडधाकट पोरगाही आपल्याकडे काजे-बटणांपासूनच सुरुवात करतो. पण तो पुढे तुरपाई, मशीन, माप असे करीत कटिंगच्या टेबलाशी पोहोचतो. अपंग मुलाला दयेने ठेवून घेणारा मालक त्याला पहिल्याच पायरीवर बसवून ठेवतो, आणि आपण पुण्य केले असे समजतो.

अडचणी आहेत, पण त्या फार मोठ्या नाहीत. मशीनला विजेची मोटर बसविता येते. टेबल थोडे खाली घेतले की बसून बेतता येते. बहिऱ्या मुलाला समोर उभे राहून करून दाखवावे, मापे पाटीवर लिहून द्यावी. मशीनच्या घरघरीत कान शाबूत असलेल्यालाही मास्तरांचे बोलणे कुठे ऐकू येते? मंद समजेच्या मुलाला एक काम पक्के झाल्यावरच दुसरे द्यावे. त्याला वेळ अधिक लागेल, तेवढा धीर धरावयास हवा.

कायदे झालेले आहेत. २०१६ च्या कायद्याने व्यवसायशिक्षणाच्या सर्वसाधारण योजनांत दिव्यांगांना सामावून घेण्यास सांगितले. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक झाले, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. आपली बहुतेक दुकाने दोन-तीन माणसांची! तेव्हा तेथे कोणी सक्ती करावयास येणार नाही.

माझी सूचना अशी. मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून काही रक्कम मोटर, टेबल व पायरीलगतचा उतार यांसाठी वेगळी काढावी. प्रत्येक उमेदवाराचा कागद करावा, त्यात विद्यावेतन किती आणि कात्री कोणत्या महिन्यात हाती द्यावयाची हे स्पष्ट लिहावे. वर्षातून दोनदा कोणी तरी जाऊन पाहावे. ते काम मी करीन. माझ्याकडून एका मोटरीची किंमत मी आज सकाळी खजिनदारांच्या स्वाधीन केली आहे. ज्यांच्या दुकानात जागा आहे, आणि ज्यांच्या घरी असा मुलगा वा मुलगी आहे, त्यांनी जेवणापूर्वी चिटणीसांच्या वहीत नाव लिहावे. वही प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेविली आहे.