आवाज पारखून घ्या, आकडा नको

सण जवळ आला की आपल्या मुळशीत घरोघरी विषय निघतो, टीव्हीजवळ ठेवायला साउंड बॉक्स घ्यायचा. मुलं म्हणतात, मोठाच घ्या. पैसे मात्र बऱ्याचदा गटाच्या कर्जातून येतात आणि हप्ता आपण फेडतो. मग वस्तूची पारखही आपल्यालाच हवी.

खोक्यावर मोठ्या अक्षरात वॅटचा आकडा असतो. त्यापुढे ‘पीएमपीओ’ लिहिलं असेल तर तो फुगवलेला आकडा समजा. दुकानदाराला ‘आरएमएस’ किती ते विचारा. यंत्र सतत किती ताकद देऊ शकतं, ते त्यावरून कळतं. आणि वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. घरातल्या खोलीला मोठा आकडा लागतच नाही.

आता किमतीचं पाहू. साध्या तांदळावरून आपल्या आंबेमोहरावर आलं की घासाघासाला फरक कळतो. पण तोच आंबेमोहर सोनेरी पिशवीत भरून दुप्पट भाव लावला, तर चव काही दुप्पट होत नाही. आवाजाचंही तसंच आहे. अगदी स्वस्त डब्यापेक्षा मधल्या किमतीच्या यंत्रात शब्द स्पष्ट येतो, डग्गा घुमतो. त्याच्या वर जाल तसे पैसे भराभर वाढतात आणि फरक कमी कमी होत जातो. शहरात लाखालाखाचे स्पीकर घेणारे हौशी आहेत. त्यांच्या किमतीत आवाजाबरोबर लाकूड, घडण आणि नावही असतं.

पुण्यात तपकीर गल्लीत जा नाहीतर पिरंगुटला, पण ऐकल्याशिवाय घेऊ नका. रोजच्या ऐकण्यातलं एखादं भजन मोबाईलमध्ये न्या. दोन यंत्रं सारख्याच आवाजात लावायला सांगा, कारण जे मोठ्यानं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. मग बातम्या लावा. बोलणं स्वच्छ कळतंय ना? शेवटी आवाज पूर्ण वाढवा. फाटला किंवा खरखरला तर ते यंत्र सोडून द्या.

घरी आणल्यावर कोपऱ्यात ठेवू नका, तिथं नुसता घुमारा वाढतो. बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असं ठेवा. खोली रिकामी, फरशी उघडी असेल तर आवाज आदळतो. खाली सतरंजी घाला, समोरच्या भिंतीला गोधडी टांगा. बिनपैशात आवाज सुधारतो.

आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. ओल लागणार, विजा चमकणार. यंत्र भिंतीपासून जरा लांब ठेवा आणि गडगडायला लागण्याआधी प्लग काढा. पक्कं बिल आणि गॅरंटी कार्ड सांभाळा. दुरुस्ती तालुक्यातच होईल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

गटाच्या पुढच्या बैठकीत कुणी साउंड बॉक्ससाठी कर्ज मागितलं, तर तिला एवढंच विचारा, “बाई, ऐकून पाहिलास का?”