शाळेची माणसं, आपली माणसं

(सावित्रीबाई फुले जयंतीच्या दिवशी प्रभागसंघाच्या मेळाव्यात आपल्या एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण. ताई वाडीच्या शाळेत पोषण आहार शिजवतात. बोलणं जसं झालं तसंच, थोडं आवरून देत आहोत.)



मला माइकवर बोलायची सवय नाही. गटाच्या बैठकीत बोलते, ते सतरंजीवर बसून. पण अध्यक्षताई म्हणाल्या, "आज ३ जानेवारी, सावित्रीबाईंचा दिवस. शाळेवर शाळेतल्याच बाईनं बोलायचं." मी म्हटलं, "अहो, मी शिकवत नाही, मी खिचडी करते." तर म्हणाल्या, "मग खिचडीपासून सुरुवात करा." तर तिथूनच करते.

आमची शाळा धरणाच्या काठच्या वाडीत. पहिली ते चौथी. चार वर्षांपूर्वी पट होता १७. दोन शिक्षक, एक सर आणि एक मॅडम. भिंतीला लागून अंगणवाडी, तिथे सेविका ताई आणि मदतनीस. आणि मी. एवढाच आमचा स्टाफ. ना शिपाई, ना क्लार्क. कुलूप सर उघडतात, घंटा पोरं वाजवतात, पाणी मी भरते.

प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य हा नियम आहे. १७ मुलं म्हणजे १ किलो ७०० ग्रॅम तांदूळ. त्यातून आणि डाळ-भाजीतून मुलाच्या पोटात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं गेली पाहिजेत. हे मला आता तोंडपाठ आहे. पण कागदावर नसलेली एक गोष्ट सांगते. सोमवारी खिचडी जास्त लागते. मंगळवारी तेवढीच केली तर उरते, सोमवारी पातेलं खरवडावं लागतं. का, ते तुम्हाला सांगायला नको. रविवारी शाळा बंद असते, आणि सगळ्या घरांत रविवार सारखा नसतो.

हे मला कळतं, कारण मी वाढते. तसं मॅडमना कळतं, कोणतं पोरगं फळ्यावरचं दिसत नाही म्हणून पुढे सरकतंय. सेविका ताईंना कळतं, कोणाचं वजन दोन महिने वाढलं नाही. सरांना कळतं, कोणाचा बाप कामावर लांब गेलाय आणि पोरगं गप्प झालंय. छोट्या शाळेचं मोठेपण ते हेच, बरं का. तिथे प्रत्येक पोराकडे कोणाचं तरी लक्ष असतं.

आता आपल्या मुळशीत शाळा इतक्या छोट्या का? धरणात गावं गेली. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांबरोबर आपल्या आजे-पणज्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. जी माणसं राहिली, ती पाण्याच्या वर डोंगराला धरून राहिली. इथे दहा घरं, पलीकडे पंधरा. वाडी लहान म्हणून शाळा लहान. आणि पाऊस तर आपला ताम्हिणीचा. जुलैमध्ये सहा वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून दुसऱ्या गावात पाठवणार कोण? म्हणून तर कायद्यात पाचवीपर्यंतची शाळा घराजवळ, आपल्या राज्यात एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलंय.

पण २०२३ साली शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयानं २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले. उदाहरण दिलं होतं नंदुरबारच्या तोरणमाळचं आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पानशेतचं. आमच्याही वाडीत कुजबुज सुरू झाली, "आपली बंद होणार." मी दोन्ही बाजू सांगते. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळू शकतो, खेळायला पोरं मिळतात, संगणक मिळतो. हे काही वाईट नाही. पण गाडी आली नाही त्या दिवशी काय? रस्त्यावर दरड आली तर काय? आणि घरात कोणाला तरी मागे ठेवायचं झालं, तर ते पोरगं असतं का पोरगी, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

त्या काळजीनं आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घेतला. आणि तिथे, ताईंनो, आमची मान खाली गेली. दोन कारणांनी.

पहिलं कारण मी स्वतः. मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य होते. बैठक झाली का, विचाराल तर रजिस्टरवर झाली. रजिस्टर घरी यायचं, कधी शेतावर यायचं, आणि मी सही करायची. वाचलं नाही. गटाच्या वहीत दहा रुपयांचा फरक आला तर मी रात्री जेवत नाही, आणि शाळेच्या वहीवर मी न वाचता सही केली! यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही. मला वाटायचं, शाळा म्हणजे सरकारची, आपलं काम शिजवायचं.

दुसरं कारण आमचे गट. कोषाध्यक्ष ताईंनी अंतर्गत कर्जाची वही उघडली आणि कारणं वाचायला लागल्या. शेतीसाठी, आजारपणासाठी, लग्नासाठी, आणि शाळेची फी, शाळेची गाडी, शाळेची फी. वाडीतली नऊ पोरं पौडच्या बाजूला इंग्लिश मीडियमला जात होती, गाडीत बसून, जाऊन-येऊन दोन तास. म्हणजे आपल्याच बचतीच्या कर्जानं आपलीच शाळा रिकामी होत होती. कोणी वाईट बुद्धीनं केलं नव्हतं. प्रत्येक आईला वाटतं, माझ्या लेकराला इंग्रजी यावं. माझ्या जावेनंही तेच केलं होतं. पण नऊ आणि सतरा किती होतात? सव्वीस. सव्वीसची शाळा असती, तर बंद करायची भाषाच निघाली नसती.

त्या दिवशी कोणी कोणाला बोल लावला नाही. पण प्रश्न पडला, आता करायचं काय? तेव्हा आमच्या सरांनी एक गोष्ट सांगितली. सर रयतच्या शाळेत शिकलेले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. नाव बघा, रयत. राजाची नाही, सावकाराची नाही, रयतेची. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. त्या काळात हे सोपं नव्हतं. त्या पोरांना शिजवून घालणारी कोण? त्यांची बायको, लक्ष्मीबाई. माहेर खात्यापित्या घरचं, सोवळं-ओवळं कडक. पण त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि सगळ्या पोरांची आई झाल्या. बोर्डिंगला पैसे कमी पडले तसे अंगावरचे दागिने एकेक करून गेले. शेवटी धान्य संपलं, तेव्हा मंगळसूत्रसुद्धा गेलं. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचं पुढचं मोठेपण त्यांनी पाहिलंच नाही. आज रयतच्या सातशेच्या वर शाखा आहेत.

सर पुढे म्हणाले, "ही संस्था नुसत्या देणग्यांवर उभी राहिली नाही. मूठ-मूठ धान्यावर उभी राहिली." गावागावातल्या बाया रोज स्वयंपाकाआधी एक मूठ धान्य बाजूला काढायच्या, ते बोर्डिंगच्या पोरांना जायचं. मी ऐकलं आणि अंगावर काटा आला. अगं, ही तर आपली बचत! रोज थोडं, सगळ्यांनी मिळून, नेमानं. गट हा शब्द यायच्या आधी त्या बाया गट चालवत होत्या.

अजून एक गोष्ट मला आवडली. रयतमध्ये मुख्याध्यापक असो की शिपाई, सगळ्यांना एकच नाव, रयत सेवक. त्या सेवकांची स्वतःची सहकारी बँक आहे, साताऱ्याला. पगारदार माणसांनासुद्धा एकमेकांचा आधार लागला. मग आपल्यासारख्या मानधनावरच्या बायांना नको का?

मानधनाचं बोलते, कारण ते कोणी बोलत नाही. केंद्राच्या नियमात स्वयंपाकी-मदतनीस बाईला २००९ पासून महिन्याला १००० रुपये धरलेत, तेही वर्षातले १० महिने. राज्य त्यावर आपली भर घालतं. पण ते हातात कधी येईल, याचा नेम नसतो. एकदा तीन-चार महिने आलं नाही. घरात सासूचं औषध, पोराची वही. मी ठरवलं, आता सोडायचं, रोजंदारीवर जायचं. तेव्हा माझ्या गटानं मला कर्ज दिलं आणि ठरावात लिहिलं, "मानधन आल्यावर परतफेड." म्हणून मी आज शाळेत आहे. म्हणजे शाळेतली चूल त्या वर्षी आमच्या गटानं पेटती ठेवली. पण खरं सांगू का, ही गोष्ट कौतुकानं सांगायची नाही. बाईनं कर्ज काढून सरकारची खिचडी शिजवावी, हे बरोबर नाही. म्हणून आम्ही दुसरं कामही केलं, थकलेल्या मानधनाचा लेखी अर्ज ग्रामसंघाच्या शिक्क्यानं पाठवला. एकटीच्या तोंडी विनवणीला उत्तर आलं नव्हतं, शिक्क्याच्या अर्जाला आलं.

मग आम्ही शिक्षकांना विचारलं, "तुम्हाला काय कमी पडतं?" वाटलं होतं, पैसे मागतील. मॅडम म्हणाल्या, "वेळ." सर मीटिंगला किंवा ट्रेनिंगला गेले की चारही वर्ग मॅडमकडे. त्यात मोबाइलवर माहिती भरायची, फोटो पाठवायचे. कायद्याप्रमाणे जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकांना दुसऱ्या कामाला जुंपता येत नाही. पण माहिती भरणं काही संपत नाही. पहिलीची पोरं तेवढा वेळ नुसती बसून राहायची.

म्हणून पाळ्या लावल्या. आमच्या गटातल्या दोन मुली बारावी झालेल्या आहेत, एक सून बी.ए. आहे. आठवड्यातून दोन दिवस, एक तास, त्या पहिली-दुसरीला गोष्टी वाचून दाखवतात. शिकवणं मॅडमचंच, आम्ही फक्त वाचतो. एक आजी येतात, त्या जात्यावरच्या ओव्या म्हणतात. इंग्रजीची काळजी होती, तर सरांनी रोजचा अर्धा तास इंग्रजी बोलायला ठेवला आणि आयांना येऊन बघायला सांगितलं. पुढच्या जूनमध्ये नवातली चार पोरं परत आली. त्यात माझ्या जावेचं एक. पट झाला २१.

२१ म्हणजे काही गड जिंकला नाही. दोन घरं कामासाठी खाली गेली की पुन्हा १८. शाळा टिकेलच असं मी छातीठोक सांगत नाही. पण आता काही ठरलं, तर ते आमच्या नकळत ठरणार नाही. एवढं नक्की.

आता तुमच्यासाठी. कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, आरटीई, २००९ चा. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक पाहिजेत. आणि समितीत निम्म्या बाया पाहिजेत. मेहरबानी म्हणून नाही, कायद्यानं. शाळेचा विकास आराखडा करायचा आणि आलेल्या अनुदानाचा खर्च तपासायचा, हे त्या समितीचं काम. बायांनो, हे आपल्याला येत नाही का? बैठक घेणं, हजेरी, इतिवृत्त, हिशोब, ठराव, हे आपण दर आठवड्याला करतो. आपल्या दशसूत्रीत शिक्षणाची जागरूकता हे सूत्र आहेच. आपण पहिली पाच पाठ करतो आणि पुढची फळ्यावर राहतात.

तर प्रत्येक गटानं एवढं करा. तुमच्या शाळेच्या समितीत कोण बाया आहेत, त्यांची नावं पुढच्या बैठकीत वाचा. त्यांना विचारा, "मागच्या बैठकीत काय झालं?" त्या गप्प बसल्या तर रागवू नका. मीही गप्प बसले असते. पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर जा. महिन्यातून एकदा कोणीतरी शाळेत जाऊन खिचडीची चव घ्या आणि चवीच्या वहीत खरं लिहा. खारट असेल तर खारट लिहा, मला राग येणार नाही. स्वयंपाकीण ताई, अंगणवाडी सेविका, मदतनीस यांचं मानधन थकलं असेल तर ग्रामसंघात ठराव घ्या. आणि फीसाठी कर्ज मागणाऱ्या बाईला नाही म्हणू नका, तो तिचा हक्क आहे. फक्त एकदा विचारा, "आपली शाळा आत जाऊन बघितलीस का?"

सावित्रीबाई शाळेत जायच्या तेव्हा लोक शेण मारायचे. आज आपल्या शाळेला कोणी शेण मारत नाही. आज धोका वेगळा आहे, कोणी तिकडे बघतच नाही. तेवढं बघायचं काम आपलं.

उद्या सोमवार नाही, पण तरी या. एक ताट जास्त लागलं तरी पुरवते मी.

जय सावित्री!