फाट्यापासून घरापर्यंत

(मावळातील स्त्री-गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पगार, ओव्हरटाइम, कंत्राटदार यांवर आपण इथे पुष्कळदा बोललो आहोत. आज मला कारखान्याच्या फाटकाबाहेरचे बोलायचे आहे. कामावर जायचे कसे आणि घरी यायचे कसे, एवढाच विषय. वरवर साधा वाटतो. पण मी ज्या मुलींना काम सोडताना पाहिले, त्यांतल्या बऱ्याच जणींनी ते कामाच्या त्रासाने सोडले नाही, वाटेच्या त्रासाने सोडले.

आधी माझी एक चूक सांगते. एम. एस. डब्ल्यू. होऊन नुकतीच कामाला लागले होते. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या बायकांची पाहणी करायची म्हणून छापील फॉर्म केला. ‘कामावर कशाने जाता?’ या प्रश्नापुढे चौकटी: पायी, एस. टी., लोकल, कंपनीची बस, खाजगी वाहन. एकीवर खूण करायची. आंदर मावळातल्या एका बाईने तीन चौकटींवर खुणा केल्या. मी म्हटले, “ताई, एकच करायची असते.” ती म्हणाली, “मग मधला कंचा तुकडा सोडू?” घरापासून फाट्यापर्यंत ती चालत येई, तिथून जीपने कान्हे, कान्ह्याहून लोकलने तळेगाव, आणि स्टेशनवरून वसाहतीपर्यंत सहा आसनी. परत येताना वाटेत गिरणीतून दळण घ्यायचे, जावेकडे ठेवलेले मूल उचलायचे. कॉलेजात आम्हाला पाहणीचे शास्त्र शिकवले होते, पण बाईची वाट अशी तुकड्या-तुकड्यांची असते हे मात्र कोणी सांगितले नव्हते. तो फॉर्म मी फाडला.

आता आपल्या तालुक्याकडे बघा. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून आहे. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली ही स्टेशने आपल्या बायकांनी अक्षरशः पायाखाली घातली आहेत. पण या गाड्या सकाळ-संध्याकाळ बऱ्यापैकी आणि दुपारी अगदी तुरळक. आणि पहिली पाळी सुटते कधी? दोन वाजता. दुसरी भरते तीही दोनलाच. म्हणजे हजारो माणसे नेमकी गाडी नसताना रस्त्यावर येतात. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या मार्गावर तिसऱ्या-चौथ्या रुळाला मान्यता दिली. रूळ पडायचे तेव्हा पडतील. दुपारच्या गाडीची मागणी मात्र आजची आहे.

गाडी नाही म्हणून माणूस दुचाकी घेतो. द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, त्याच्यावर दुचाकीला बंदी. मग सगळे जुन्या महामार्गावर आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर, कंटेनरच्या शेजारून. चाकण रस्त्याची कोंडी आणि तिथले अपघात तुम्हाला मी काय सांगू! तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला, २०२४ मध्ये तो ह्युंदाईकडे गेला. कामाची आशा आहे, तशी गाड्यांची भरही आहेच.

कोंडीवर बैठका होतात. मी दोन-तीन वेळा मागच्या खुर्चीवर बसून ऐकले आहे. रुंदीकरण, उड्डाणपूल, सिग्नल. मोजतात ती वाहने. पहाटे पाचला फाट्यावर डबा घेऊन उभी असलेली बाई त्या मोजणीत येत नाही, कारण ती अजून कुठल्याच वाहनात बसलेली नसते. खरे तर कोंडी कमी करायची स्वस्त युक्ती तिच्यापाशीच आहे. पन्नास जणी एका बसमधून गेल्या, तर रस्त्यावरच्या निदान पंचवीस दुचाक्या किंवा आठ-नऊ सहा आसनी कमी होतात. शेजारशेजारच्या कारखान्यांनी पाळीच्या वेळा पंधरा-वीस मिनिटांनी मागेपुढे केल्या, तर फाटकापुढची झुंबड आपोआप ओसरते. याला ना पूल लागतो ना जमीन. आणि जमीन आपण आधीच पुष्कळ दिली आहे.

“आमच्याकडे बस आहे,” असे कारखाने म्हणतात. आहेही. पण कोणासाठी? मी पाहिलेल्या एका कारखान्याची बस कायम कामगारांसाठी होती. बायका बहुतेक कंत्राटी. बस अर्धी रिकामी जायची आणि त्याच रस्त्याने आमच्या बायका सहा आसनीत नऊ-दहा जणी कोंबून जायच्या, भाडेही पदरचे. विचारले तर उत्तर मिळाले, तो प्रश्न कंत्राटदाराचा. कंत्राटदार म्हणाला, “तुमची लोकं तुम्हीच आणायची.” लहान कारखान्यांचे म्हणणे असते की पाच-सहा बायकांसाठी बस परवडत नाही. ते खोटे नाही. मग एका रांगेतल्या दहा कारखान्यांनी मिळून एक बस का लावू नये?

फुलांच्या वसाहतीतल्या बायकांचे तर विसरलेच जाते. फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाइन डेसाठी मावळचा गुलाब परदेशी जातो. जानेवारीच्या अखेरीस तोडणी, जुड्या बांधणे उशिरापर्यंत चालते. गुलाबाला गारठ्याची गाडी मिळते. तोडणारीने रात्री फाट्यावर हात दाखवत उभे राहायचे. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांत आणि हॉटेलांत झाडलोट करणाऱ्यांचा शनिवार-रविवार असाच. पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो आणि उशीर झाला म्हणून खाडा हिचा लागतो.

एस. टी. त १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धे तिकीट आहे. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः वापरते. पण गावात गाडी येते ती शाळेच्या वेळेला. जी गाडी येतच नाही तिचे अर्धे तिकीट काढायचे कसे? “पोरींनी स्कूटी शिकावी,” असे मला परवा एका पुढाऱ्यांनी सुचवले. शिकाव्यातच. पण हप्ता आणि पेट्रोल कंत्राटी पगारातून कसे भागते, तेही त्यांनी शिकवावे.

आता एक जड गोष्ट बोलायची आहे. १ नोव्हेंबर २००७. मी तेव्हा कॉलेजात होते. पुण्यातल्या एका संगणक-सेवा कंपनीत रात्रपाळीला निघालेल्या तरुण मुलीला कंपनीने लावलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने आपल्याच तालुक्यातल्या गहुंजे शिवारात नेले. बलात्कार करून तिचा खून केला. दोघांना फाशी झाली. अंमलबजावणीला झालेल्या दिरंगाईमुळे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती ३५ वर्षांच्या कैदेवर आणली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. फाशी असावी की नसावी यावर आपल्यात मतभेद आहेत, ते आज राहू देत. मला दिसते ते असे की ती मुलगी रस्त्यावर एकटी उभी नव्हती. ती ‘सुरक्षित’ गाडीत होती. म्हणून नुसती गाडी मागून भागणार नाही. चालक कोण, त्याची चौकशी केली का, गाडीत आणखी कोण, शेवटी कोण उतरते, हे विचारायचा हक्क आपल्याला हवा. त्या घटनेनंतर बापांनी मुलींना घरी बसवले, हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने शिक्षा मुलींनाच झाली.

कायदा काय देतो ते नीट लक्षात ठेवा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात मालकाने पुरवलेले वाहनही कामाचे ठिकाण धरले आहे. बसमध्ये चालकाने, सहकाऱ्याने त्रास दिला तर तक्रार कारखान्याच्या अंतर्गत समितीकडे करता येते, आणि कंत्राटी बाईलाही करता येते. दुसरे, अपघाताचे. राज्य विमा कायद्यात २०१० मध्ये कलम ५१-ई आले. कामावर जाता-येता झालेला अपघात, वेळ-ठिकाणाचा कामाशी संबंध दिसत असेल, तर कामावरचाच मानायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. त्याआधी जुलै २०२५ मध्ये आपल्याच मराठवाड्यातले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाले. साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना वाटेत अपघातात गेला. त्याच्या बायकोला बावीस वर्षे लढावे लागले, पण भरपाई तिच्या बाजूने झाली. तेव्हा कोणी वाटेत पडली तर “कारखान्याबाहेर झाले” हे उत्तर ऐकून घेऊ नका. विम्याचे कार्ड हातात आहे का, ते मात्र आजच बघा. कंत्राटदाराच्या कपाटात असलेले कार्ड उपयोगाचे नाही.

रात्रपाळीचेही बदलले आहे. नव्या संहितेत रात्री बाईला कामाला लावायचे तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेच्या अटी पाळायला हव्यात. पण अनुभव असा की गाडी फाट्यावर सोडते आणि कागदावर ‘घरी पोहोचवले’ लिहिले जाते. फाट्यापासून वस्तीपर्यंत दोन-तीन किलोमीटर, मध्ये ओढा, दिवा नाही. आपला सगळा प्रश्न त्या तुकड्यात आहे. फाट्यावर दिवा आणि निवारा ग्रामपंचायतीकडून, दोन वाजताची लोकल रेल्वेकडून, पाळीच्या वेळेची एस. टी. तळेगाव आगाराकडून, कंत्राटींसह सगळ्यांना बस कारखान्यांकडून. चार दारे आहेत, चारही ठोठवावी लागतील.

मागे तुम्हाला कोरे कागद वाटले आहेत. चौकटी नाहीत. प्रत्येकीने उठल्यापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून चुलीपर्यंत आपली वाट काढायची. चित्र येत नसेल तर नुसत्या रेघा. किती वाजता कुठे, किती भाडे, कुठे किती थांबावे लागते, ते शेजारी लिहा. लिहिता येत नसेल तिने लेकीकडून लिहून घ्या. अंधाराचा तुकडा पेन्सिलीने काळा करा. पुढच्या महिन्यात आगारात जायचे आहे, तेव्हा हे कागद सोबत न्यायचे आहेत.