कामगारांचे दप्तर



इतिहासाच्या साधनांवर बोलायला आपण एका युनियनवाल्याला बोलावले, याचे काहींना नवल वाटले असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, अर्ज आणि निवाडे वाचून झाले. तेव्हा कागदाची किंमत मी पंडिताच्या नव्हे, तर दावा मांडणाऱ्याच्या दृष्टीने सांगणार आहे.

दप्तरांच्या बाबतीत महाराष्ट्र दरिद्री नाही. मुंबईचे सरकारी दप्तरखाने १८२१ सालचे. पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथेही पुराभिलेखागारे आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी ४५ खंडांत छापून दिले. राजवाड्यांनी तर गावोगाव हिंडून कागद गोळा केले. या थोरांचे ऋण मोठे आहे. पण त्या रुमालांत बांधलेले आहे कोण? सरदार, इनामदार, देशमुख, कुळकर्णी. रयत दिसते ती बहुधा सारा भरताना किंवा फिर्याद करताना!

ही जुन्या काळाची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जमिनींच्या काही भागावर कामगारांना घरे देण्याचे ठरले. अट अशी की, १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामगार गिरणीच्या पटावर असला पाहिजे. घरांची मोठी सोडत निघाली २०१२ साली. म्हणजे तीस वर्षांनी. आणि मजुरी प्रदान कायद्याने नोंदवह्या जपायला सांगितले होते किती काळ? शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षे!

तीन वर्षांचा कागद आणि तीस वर्षांनी आलेला हक्क, यांची सांगड कशी बसणार? ज्या विधवेने नवऱ्याचे तिकीट, पगाराची चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात जपली, तिच्या हाती पुरावा राहिला. जिचा डबा पावसात भिजला, तिच्या नशिबी हेलपाटे आले. दोघींच्या नवऱ्यांनी घाम सारखाच गाळला होता.

केंद्राचा १९९३ चा आणि महाराष्ट्राचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. पण तो सरकारी कागदांपुरता. खाजगी कारखान्याचा हजेरीपट त्यात येत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. कारखाना बंद होताना यंत्रे लिलावात जाण्यापूर्वी त्याचा पट आणि पगारपत्रके विभागीय पुराभिलेखागारात जमा झाली पाहिजेत. जागा नाही, असे उत्तर मिळेल. भंगाराला गोदाम मिळते, मग माणसाच्या तीस वर्षांच्या चाकरीला एक कपाट मिळू नये काय?

सगळा भार सरकारवर टाकून आपणही मोकळे होऊ नये. सभांची इतिवृत्ते, संपाची पत्रके, खानावळींचे हिशेब आपल्याच कचेऱ्यांत सडत आहेत. त्यांची यादी करा. गंजणाऱ्या टाचण्या काढा. कागद प्लास्टिकमध्ये चिकटवू नका, कोरड्या जागी कापडात बांधा. कोणी, कुठून, केव्हा दिला, ते लिहून ठेवा. मग ते दप्तर पुराभिलेखागाराला द्या आणि पोच घ्या.

राजांची दप्तरे जपली, हे चांगलेच झाले. आता राबणाऱ्यांचा रुमाल बांधायला घ्या.