घरांची सरासरी किंमत वाढली म्हणजे काय झाले?



सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावर आपले हे वळसंग. रस्त्यावरच्या गावात जागेच्या भावाची चर्चा व्हायचीच. ‘भाव दहा टक्क्यांनी चढले’ असे कानावर आले, की कोणी मुलीच्या लग्नासाठी राखलेला प्लॉट विकायला काढतो, कोणी दागिने मोडून विसार द्यायला धावतो. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. अर्थशास्त्र कॉलेजात शिकलो नाही, पगारपत्रकावर शिकलो. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावर महागाई भत्ता ठरतो, त्याचे सोलापूर हे एक केंद्र आहे. तिथे भाव टिपणारा मनुष्य या महिन्यात ज्वारी आणि पुढच्या महिन्यात बासमती तांदूळ अशी तुलना करीत नाही. ठरलेला बाजार, ठरलेला माल. घरभाड्याच्या बाबतीत तर निवडलेल्या त्याच घरी सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन भाडे विचारतात. म्हणून मालकापुढे तो आकडा ठेवून आम्हांला भांडता येते.

घरांच्या साध्या सरासरी किमतीला हे बंधन नसते. त्या वर्षी जी घरे विकली गेली, तेवढ्यांचीच ती सरासरी. तुमचे न विकलेले घर तिच्यात नाहीच! समजा, एका पेठेत गेल्या वर्षी 10 घरे विकली गेली. त्यांत 9 लहान घरे, प्रत्येकी 6 लाखांची, आणि एक बंगला 46 लाखांचा. बेरीज 1 कोटी, सरासरी 10 लाख. यंदा लहान घरांचा भाव 5 लाखांवर आला. अशी 8 घरे विकली गेली, आणि बंगले 2, त्याच 46 लाखांना. बेरीज 1 कोटी 32 लाख, सरासरी 13 लाख 20 हजार. सरासरी 32 टक्क्यांनी वर गेली, आणि विडी वळणाऱ्या बाईचे घर मात्र एक लाखाने उतरले. बंगल्याचाही भाव एका पैशाने वाढला नाही. बातमीत मात्र ‘तेजी’ छापून येईल. हीच घरे किमतीच्या क्रमाने ओळीत मांडून मधले घर पाहा : गेल्या वर्षी 6 लाख, यंदा 5 लाख. इथे ते खरे बोलले.

उलटही होते. आपल्याच रस्त्यावर कुंभारीला रे नगरची 30,000 घरांची वसाहत विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी उभी राहिली. त्यांतील 15,000 घरे 19 जानेवारी 2024 रोजी कामगारांच्या हाती आली. एवढी लहान घरे एखाद्या वर्षीच्या हिशेबात धरली, तर सरासरी धाडकन खाली येईल. शेजारच्या शेतकऱ्याच्या जागेचा भाव तेवढ्याने पडला असे होत नाही. शिवाय त्या घरामागे केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख असे अनुदान आहे. मग घराची किंमत कोणती लिहायची, बांधायला लागली ती की कामगाराने भरली ती? हे सांगितल्यावाचून नुसता आकडा पुढे करणाऱ्याला आम्ही तरी वाकडा प्रश्न विचारल्याशिवाय सोडीत नाही.

रिझर्व्ह बँकेने 2010-11 हे पायाभूत वर्ष धरून 10 शहरांचा घरकिंमत निर्देशांक काढला, तेव्हा ही अडचण ओळखूनच घरांचे 60 चौरस मीटरच्या आतील, 60 ते 110, आणि त्यावरील असे गट पाडले. त्या 10 शहरांत महाराष्ट्रातले मुंबई तेवढे होते. मुंबईच्या आकड्यावरून वळसंगात व्यवहार करणे म्हणजे दुसऱ्याच्या पायाचे माप देऊन चप्पल शिवणे.

आता रेडी रेकनर. 1 एप्रिल 2025 रोजी दर बदलले, तेव्हा राज्याची सरासरी वाढ 3.89 टक्के सांगितली गेली. ग्रामीण भागाची 3.36, आणि सोलापूर महापालिका क्षेत्राची 10.17, राज्यात सर्वांत अधिक. पारावरचे ‘दहा टक्के’ ते हेच. पण हा सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला दर. गिऱ्हाइकाने मोजलेला पैसा नव्हे. शिवाय महापालिकेची हद्द वळसंगपर्यंत येत नाही. मात्र त्याचा चटका खरा आहे. करारातली किंमत आणि रेकनरची किंमत यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क बसते. म्हणजे घर रेकनरपेक्षा स्वस्त मिळाले, तरी शुल्क स्वस्त होत नाही.

आपल्या शिवारात खरोखर काय चालले आहे, हे पाहायचे तर दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोन पाहावी. तीत क्षेत्रफळ आणि मोबदला दोन्ही असतात. (मोबदला सगळा कागदावर येतोच असे नाही, हे इथे बसलेल्या मंडळींना आम्ही सांगायला नको.) गावातल्या दोघा-तिघा शिकलेल्या पोरांनी एक वही घालावी : रस्त्याकडेची जागा वेगळी, गावठाणातले जुने घर वेगळे, नवे बांधकाम वेगळे. प्रत्येकाचा चौरस फुटाचा भाव लिहावा. तेच घर दुसऱ्यांदा विकले गेले, तर त्याखाली तांबडी रेघ ओढावी. पाच वर्षांत अशा चार रेघा जमल्या, तरी प्लॉट विकायला निघालेल्या माणसाला दाखवण्यासारखे काही आपल्याजवळ असेल.